हिवाळा, आजारपण आणि लांब पल्ल्याचा धावपटू : खान्देशातील महाविद्यालयीन सरावाच्या संदर्भात

प्रस्तावना :

लांब पल्ल्याच्या धावण्यात यश मिळते ते प्रामुख्याने सातत्यातून. शरीराची दमदारी महिनोन्‌महिने केलेल्या सरावाने हळूहळू वाढते. खान्देशात या सातत्याला ऋतुमानाची मर्यादा पडते. उन्हाळ्यात जळगाव परिसरात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीतील वाटा धावण्याजोग्या राहत नाहीत. साहजिकच दिवाळी ते होळी हाच सरावाचा मुख्य हंगाम ठरतो. सर्दी, खोकला, घशाचा संसर्ग आणि तापाचे दिवसही हेच असतात. सर्वाधिक सराव आणि सर्वाधिक आजार एकाच काळात येत असल्यामुळे, आजारी असताना धावावे की थांबावे हा प्रश्न दर हिवाळ्यात उभा राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे शरीरशास्त्राच्या आधारे विवेचन करण्याचा हेतू आहे.

प्रश्नाचे सामाजिक स्वरूप :

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतील जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत धावणारे अनेक विद्यार्थी शेतकरी, शेतमजूर व आदिवासी कुटुंबांतून येतात. आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्री स्पर्धा हे त्यांचे एक उद्दिष्ट असते, तर पोलीस व सैन्य भरती हे दुसरे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण पुरुषांसाठी १६०० मीटर व महिलांसाठी ८०० मीटर धावण्याला आहेत. काही सेकंदांवर नोकरी अवलंबून असल्याने एक दिवसही चुकवण्याची विद्यार्थ्याला धास्ती वाटते. अंगात ताप असताना मैदानावर येण्यामागे हौस नसून ही धास्ती असते. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत धावताना काही उमेदवारांचा मृत्यू झाला होता. शरीराच्या मर्यादेकडे दुर्लक्ष झाल्यास त्याची किंमत किती मोठी असू शकते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

हिवाळ्यातील हवा व श्वसनसंस्था :

धुळे कृषी महाविद्यालयातील किमान तापमानाची नोंद अनेक हिवाळ्यांत सहा अंशांच्याही खाली गेलेली आहे. तथापि, निरोगी धावपटूला ही थंडी स्वतः फारशी अपायकारक नाही. खरी अडचण हवेच्या कोरडेपणाची व तीतील धुराची आहे. विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा फुप्फुसांत जाते. जोराने धावताना हे प्रमाण शंभर लिटरच्या पुढे जाऊ शकते. एवढी हवा उबदार व दमट करण्याचे नाकाचे सामर्थ्य नसल्याने श्वास तोंडावाटे घेतला जातो. त्यामुळे श्वासनलिकांचे अस्तर कोरडे पडते आणि काहींच्या नलिका आकुंचन पावतात. धावून झाल्यावर काही मिनिटांत येणारा कोरडा खोकला किंवा छातीतील घरघर हे त्याचे लक्षण होय. त्याला ‘दम कमी आहे’ असे म्हणून सोडून न देता वैद्यकीय तपासणी करून घेणे इष्ट.

हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड व वरची तुलनेने उबदार राहते. परिणामी शेकोट्या, चुली व वाहने यांचा धूर वर न जाता खालीच साचतो. पहाटे पाच वाजता पांझरेच्या काठी किंवा महामार्गालगत धावणारा विद्यार्थी हीच हवा छातीत भरून घेत असतो. जानेवारीत या भागात सूर्योदय सात वाजण्याच्या सुमारास होतो. म्हणून वेगाचा सराव दुपारी उशिरा घ्यावा आणि सकाळी केवळ संथ धावणे ठेवावे. त्यापूर्वी पंधरा मिनिटे अंग तापवून घ्यावे.

श्रम, झोप व प्रतिकारशक्ती :

डेव्हिड नीमन व सहकाऱ्यांनी १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉनमधील धावपटूंचा अभ्यास केला. शर्यतीनंतरच्या आठवड्यात सहभागी धावपटूंपैकी १२.९ टक्के जणांना श्वसनमार्गाचा संसर्ग झाला. तयारी असूनही शर्यत न धावलेल्यांत हे प्रमाण २.२ टक्के होते. अतिश्रमानंतर प्रतिकारशक्ती काही काळ क्षीण होते, असा निष्कर्ष यावरून काढण्यात आला. २०१८ मध्ये कॅम्पबेल व टर्नर यांनी त्याला आक्षेप घेतला. गर्दी, प्रवास, अपुरी झोप व मानसिक ताण ही कारणेही तितकीच प्रबळ असू शकतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हा वाद मिटलेला नसला तरी अध्यापकांच्या दृष्टीने त्यातून मिळणारा बोध एकच आहे : विद्यार्थ्याच्या सरावाइतकेच त्याच्या उरलेल्या दिवसाकडेही पाहिले पाहिजे.

शेल्डन कोहेन यांच्या २००९ च्या प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडण्यात आले. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळली. पहाटे उठून धावणारा, नंतर एस.टी.ने महाविद्यालयात येणारा, सायंकाळी शेतात हातभार लावणारा आणि रात्री परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी किती तास झोपतो, याची चौकशी म्हणूनच सरावाच्या नियोजनाचा भाग ठरते.

केव्हा धावावे, केव्हा थांबावे :

क्रीडावैद्यकात यासाठी ‘मानेची कसोटी’ प्रचलित आहे. नाक वाहणे, शिंका येणे, घसा किंचित खवखवणे अशी मानेच्या वरची सौम्य लक्षणे असल्यास दहा मिनिटे हळू धावून पाहावे. त्रास न वाढल्यास हलका सराव चालू ठेवण्यास हरकत नाही. छातीत कफ, अंगदुखी, उलट्या, जुलाब अशी मानेखालची लक्षणे असल्यास पूर्ण विश्रांती घ्यावी. ताप असताना मात्र कोणत्याही परिस्थितीत धावू नये.

यामागील कारण स्पष्ट आहे. शरीराचे तापमान एका अंशाने वाढले की हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे आठ ते दहांनी वाढतात. म्हणजे हृदयावर श्रमापूर्वीच भार असतो. शिवाय काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतात. अशा अवस्थेत केलेल्या तीव्र श्रमाने ठोक्यांची लय बिघडून आकस्मिक मृत्यू ओढवू शकतो. ही सूज निश्चित झाल्यास तीन ते सहा महिने स्पर्धात्मक श्रम वर्ज्य करण्याचा सल्ला दिला जातो. तापानंतर छातीत दुखणे, धडधड किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप जाणवल्यास डॉक्टरांच्या परवानगीशिवाय मैदानावर येऊ देऊ नये.

सिकलसेलचा विशेष विचार :

सातपुड्याच्या पट्ट्यातील आदिवासी समाजात सिकलसेलचे जनुक आढळते. एका पालकाकडून ते मिळालेली व्यक्ती वाहक असते व सहसा तिला कोणताही त्रास होत नाही. मात्र अतितीव्र श्रम, उष्णता, शरीरातील पाण्याची कमतरता व ताप यांचा संयोग झाल्यास वाहकाचे स्नायू निकामी होऊन तो कोसळू शकतो. अमेरिकी सैनिकांवरील २०१६ च्या अभ्यासात वाहकांचा मृत्युदर अधिक आढळला नाही. श्रमजन्य स्नायुविघटनाचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी जास्त दिसला. म्हणजेच वाहकाला धावण्यापासून रोखण्याचे कारण नाही. त्याला पाणी, टप्प्याटप्प्याने वाढणारा सराव आणि त्रास होताच थांबण्याची मोकळीक मिळावी. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे. महाविद्यालयाने आरोग्ययंत्रणेच्या साहाय्याने ऐच्छिक तपासणी घडवून आणावी व निष्कर्ष गोपनीय ठेवावेत.

खंडाची भीती :

विद्यार्थी थांबत नाही, कारण केलेला सराव वाया जाईल असे त्याला वाटते. एडवर्ड कॉइल यांच्या १९८४ च्या अभ्यासात धावपटूंनी व सायकलपटूंनी सराव पूर्णपणे बंद केल्यावर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता २१ दिवसांत ७ टक्क्यांनी घटली. याचा अर्थ चार-पाच दिवसांच्या विश्रांतीने होणारे नुकसान नगण्य असते; ताप अंगावर काढल्याने वाया जाणारा महिना त्याहून कितीतरी महाग पडतो.

बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि २०१५ मध्ये, वयाच्या विशीनंतर, सैन्यातील क्रॉसकंट्रीतून स्पर्धात्मक धावण्याकडे वळला. पुढे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक मिळवले. आपले विद्यार्थी ज्या वयात पदवी घेतात, त्या वयात त्याची सुरुवात झाली. एका आठवड्याच्या विश्रांतीने कारकीर्द संपत नाही, हे पटवून देण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

सरावाकडे परतताना औषध न घेता किमान एक पूर्ण दिवस ताप नसावा. आधी चालणे, मग संथ धावणे, नंतर अंतर आणि शेवटी वेग, असा क्रम ठेवावा. जितके दिवस आजारात गेले, निदान तितके दिवस पूर्ववत होण्यासाठी द्यावेत. सकाळी उठताच मोजलेली नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी अधिक असल्यास त्या दिवशी कठोर सराव टाळावा.

औषधांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. सर्दीवरील काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिन लघवीत ठरावीक मर्यादेपलीकडे आढळल्यास स्पर्धाकाळात ते उत्तेजक गणले जाते. तोंडावाटे किंवा इंजेक्शनद्वारे घेतलेली कॉर्टिकोस्टेरॉइड्सही स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. म्हणून आपण खेळाडू असल्याचे विद्यार्थ्याने डॉक्टरांना आधीच सांगावे.

निष्कर्ष :

आजारपणातील विश्रांती हा सरावातील खंड नसून सरावाचाच घटक आहे. परंतु ज्याचे भवितव्य काही सेकंदांवर टांगलेले आहे, तो विद्यार्थी हा निर्णय स्वतःहून घेईल अशी अपेक्षा अवास्तव ठरते. क्रीडा संचालकाने नाडी, झोप व लक्षणे यांची साधी नोंदवही ठेवावी. वर्गावरील अध्यापकाने तापलेला चेहरा दिसताच क्रीडा विभागास कळवावे. आजारपणामुळे निवड चाचणी हुकलेल्या विद्यार्थ्यास शक्य तेथे दुसरी संधी देण्याची तरतूद महाविद्यालयाने करावी. या उपायांना खर्च जवळजवळ नाही. थांबल्याबद्दल शिक्षा होणार नाही, असा विश्वास मिळाला तरच विद्यार्थी वेळेवर थांबेल.