जुनी मोटार : ठेवावी की विकावी?

विजयादशमीच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सोने लुटायला तुमच्यापैकी पुष्कळजण कधी ना कधी आले असतील. शमीपूजनासाठी छत्रपती घराण्यातील मंडळी तेथे येतात ती एका लांबलचक जुन्या मोटारीतून. ही मोटार मेबॅक. जर्मनीतील फ्रीड्रिखशाफेन गावच्या कारखान्यातली. या कारखान्याने आधी झेपेलिन वायुनौकांची एंजिने बनवली आणि मग तो मोटारींकडे वळला. आपल्याकडची मोटार राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतली, म्हणजे १९४० पूर्वीची. तिची जात ‘एस. डब्ल्यू. ३८’. यातला ३८ हा आकडा एंजिनाचे आकारमान दाखवतो, ३.८ लिटर. मेबॅकच्या त्या काळातल्या मोटारी साऱ्या मिळून दोन हजारही निघाल्या नाहीत.

ही मोटार एरवी क्वचितच बाहेर पडते. तरीही ‘उभी आहे नुसती, विकून का टाकत नाहीत?’ असे कोल्हापुरात कोणी म्हणताना मी ऐकले नाही. कारण उघड आहे. तिला काम आहे. वर्षातून एकच दिवस का असेना, पण ठरलेले काम आहे. त्या एका दिवसासाठी कोणीतरी तिची बॅटरी बघतो, चाकांत हवा भरतो, ब्रेक तपासतो. दसरा चौकात हजारो लोकांसमोर गाडी बंद पडून चालत नाही ना!

तुम्ही म्हणाल, राजेरजवाड्यांची गोष्ट निराळी, आमचा तिच्याशी काय संबंध? संबंध आहे. आपल्या जिल्ह्यात, सांगली-साताऱ्यात, बेळगाव-निपाणीकडे, जुन्या वाड्यांच्या सोप्याला, उसाच्या पट्ट्यातल्या शेडमध्ये आजही अशा मोटारी झाकून ठेवलेल्या आढळतात. कुठे विलिस जीप असते. महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतर मुंबईत ती जोडायला घेतली आणि बागायतदारांनी ती चिखलातून आणि ओढ्यातून हाकली. कुठे अँबॅसडर असते. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने ती १९५७ पासून २०१४ पर्यंत काढली. आणि पुष्कळ ठिकाणी असते फियाट. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली हीच गाडी पुढे ‘पद्मिनी’ झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिला सारा देश ओळखत असे. ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून निघून गेली, आणि तेव्हापासून खेड्यातल्या फियाटकडेही लोक जरा निराळ्या नजरेने पाहू लागले आहेत.

आता असे समजा की पन्हाळ्याच्या पायथ्याला एक घर आहे. आबांनी १९६८ साली घेतलेली फियाट शेडमध्ये उभी आहे. आबा गेले. थोरला मुलगा शाळेत मास्तर आहे, धाकटा शेती पाहतो. एक दिवस पुण्याहून कोणी गृहस्थ येतो, गाडीभोवती दोन फेऱ्या मारतो आणि एक आकडा बोलतो. धाकटा म्हणतो, “दादा, देऊन टाकू. माळावरच्या घराचं छत गळतंय, पोरीच्या कॉलेजचे पैसे भरायचेत.” दादाला आठवतं की याच गाडीतून आईला शेवटचं दवाखान्यात नेलं होतं. तो म्हणतो, “आबांची गाडी विकायची?” आणि वहिनी दोघांकडे बघत राहतात, कारण त्या शेडमध्ये त्यांना जळण ठेवायचं असतं!

यात कोणाचे चुकते? माझ्या मते कोणाचेच नाही. पण दोघेही भाऊ चुकीचा प्रश्न विचारताहेत. धाकटा विचारतो, किती मिळतील? थोरला विचारतो, आठवण विकायची का? खरा प्रश्न असा आहे की, या मोटारीला या घरात पुढे काम काय, आणि तिच्यावर हात कोणाचा फिरणार? या दोन्हींचे उत्तर असेल तर गाडी ठेवावी, मग तिची किंमत कितीही येवो. एकाचेही उत्तर नसेल तर ती चालती आहे तोवर विकावी. ‘राहू दे, बघू पुढे’ हा तिसरा मार्ग बहुतेक घरे पत्करतात, आणि मोटारीचा सर्वांत जास्त घात त्यानेच होतो.

तो कसा, ते जरा सविस्तर सांगतो. मोटार उभी राहिली म्हणजे झिजत नाही, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात उभी मोटार चालत्या मोटारीहून लवकर बिघडते. बॅटरी आपोआप उतरते आणि उतरलेल्या स्थितीत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर गंधकाचा क्षार धरतो, मग ती पुन्हा नीट भरत नाही. टायर एकाच जागी दबून राहतात, त्यांना चपटा भाग येतो आणि बाजूला भेगा पडतात. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, आणि आतून सिलिंडर गंजतात. बाहेरून काहीच दिसत नाही, पण पहिल्याच उतारावर पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. क्लचची तबकडी चक्राला चिकटते. उंदीर वायरी कुरतडतात आणि सायलेन्सरमध्ये घरटे करतात. शिवाय आपल्याकडचा पाऊस! गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या मंडळींना मी काय सांगावे? जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिकडे भिंतीलाही पाझर फुटतो, मग पत्र्याची काय कथा.

अलीकडे त्यात पेट्रोलची भर पडली आहे. २०२५ पासून पंपावर सर्रास मिळते त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. हे इथेनॉल कुठून येते? काही आपल्याच उसातून, आपल्याच साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून. म्हणजे धाकट्या भावाने कारखान्याला घातलेला ऊस फिरून थोरल्याच्या मोटारीच्या टाकीत येतो आणि तिथले रबर खातो! विनोद सोडा, पण १९६८ सालच्या गाडीतले रबरी नळे, पेट्रोल पंपाचा पडदा आणि पॅकिंग या इंधनासाठी केलेले नव्हते. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि टाकी आतून गंजते. म्हणून नळे नव्या प्रकारच्या रबराचे घालून घ्यावेत, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत.

ज्याला ठेवायची आहे त्याने महिन्यातून एकदा गाडी रस्त्यावर काढावी आणि वीस-पंचवीस मिनिटे चालवावी. शेडमध्येच पाच मिनिटे सुरू करून बंद करणे वाईट. एंजिन पुरते तापत नाही, जळणातून झालेली वाफ सायलेन्सरमध्ये आणि तेलात पाणी होऊन राहते. वर्षानुवर्षे बंद असलेली गाडी तर एकदम किल्ली फिरवून सुरू करूच नये. आधी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे आणि एंजिन हाताने फिरते का ते पाहावे. हे काम जाणत्या मेस्त्रीसमोर झालेले बरे.

आणि मेस्त्रीच्या बाबतीत आपण कोल्हापूरकर भाग्यवान आहोत. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार केला, त्या गावाला बुश, पिन किंवा झडपेची बैठक लेथवर करून घेणे जड नाही. शिवाजी उद्यमनगरात जुना नमुना घेऊन गेलात तर तसाच नवा करून देणारे कारागीर आजही भेटतात. तो जाणता हात वयाने कितीचा आहे, हे मात्र पाहून ठेवा. कार्ब्युरेटर कानाने जुळवणारा मेस्त्री साठीचा असेल आणि त्याच्या मुलाला फक्त संगणकाने तपासायच्या गाड्या येत असतील, तर दहा वर्षांनी तुमच्या गाडीचे काय, हा विचार आजच करायला हवा.

आता कागदांकडे वळू. बहुतेक घरांत गाडी अजून आबांच्याच नावावर असते. नियम असा की, मालक वारल्यावर ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे आणि ३ महिन्यांत नमुना ३१ वर वारसाच्या नावे बदल मागायचा. हे राहिले असेल तर आधी ते करा, बाकीच्या वारसांची लेखी संमती घ्या. बहिणींचीही घ्या. ‘तिला काय करायचंय गाडीचं’ असे म्हणून पुढे गेलेली प्रकरणे मग कोर्टात जातात.

गाडी ठेवायची तर नोंदणीचे दोन रस्ते आहेत. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी नवी करावी लागते. ऑगस्ट २०२५ च्या नियमाने २० वर्षांवरील मोटारीला त्यासाठी १०,००० रुपये शुल्क झाले आहे, पर्यावरण कर वेगळा. दुसरा रस्ता २०२१ साली खुला झाला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली आणि मूळ रूपात जपलेली खाजगी गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदता येते. ही नोंद १० वर्षे चालते, आणि २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे सक्तीचा थर्ड पार्टी विमाही अशा मोटारीला निम्म्या दराने मिळतो. पण तिला बंधन आहे. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशाच कारणांसाठी ती रस्त्यावर आणायची, रोजच्या वापराला नाही. तेव्हा ज्या जीपमधून अजून शेतावर खत जाते, तिची विंटेज नोंद करण्याच्या फंदात पडू नका.

मुंबई उच्च न्यायालयाचा २०२५ सालचा एक निकाल या संदर्भात फार बोलका आहे. एका गृहस्थाने १९३१ सालची फोर्ड मोटार १९८३ साली २०,००० रुपयांना घेतली आणि पुढे २१ लाखांना विकली. त्याचे म्हणणे असे की, मोटार ही माझ्या खाजगी वापरातली वस्तू, तेव्हा नफ्यावर आयकर नको. कायद्यात तशी सवलत आहे खरी. पण न्यायालयाने ती दिली नाही. मोटार वापरता येण्याजोगी होती एवढे पुरेसे नाही, ती तुम्ही खरोखर वापरत होता हे दाखवा, असा न्यायालयाचा रोख होता, आणि तो पुरावा नव्हता. आपण इतका वेळ जे बोलतो आहोत तेच न्यायालयाने कायद्याच्या भाषेत विचारले, नाही का? तेव्हा ठेवा किंवा विका, पण पेट्रोलच्या, दुरुस्तीच्या, विम्याच्या पावत्या एका पिशवीत जपून ठेवा.

विकणे म्हणजे मोटारीचा अंत, असेही समजू नका. १९१० साली कलकत्त्यातल्या एका हौशी इंग्रजाने इंग्लंडात हंसाच्या आकाराची मोटार करून घेतली होती. चोचीतून गरम पाण्याचा फवारा सोडून ती गर्दी हटवीत असे. पुढे ती नाभाच्या राजघराण्याकडे गेली आणि आज नेदरलँडमध्ये हेगच्या लाउमन संग्रहालयात आहे. ती देशाबाहेर गेली याचे मला वाईट वाटते. आता जुन्या मोटारी बाहेर पाठवण्यावर सरकारचे निर्बंध आहेत हे योग्यच आहे. पण कोणाच्या तरी गोठ्यात गंजून जाण्यापेक्षा संग्रहालयात गेली ते बरे, हेही खरे.

पन्हाळ्याच्या त्या दोन भावांना मी काय सांगेन? आधी वर्षभराची मुदत ठरवा. या वर्षात गाडी चालती करा, आणि बेंदूर, दसरा, गावची जत्रा, शाळेची मिरवणूक यांपैकी एखाद्या दिवसाचे काम तिच्याकडे सोपवा. मास्तरांनी मुलांना एंजिन उघडून दाखवले तर विज्ञानाचा याहून चांगला तास कुठला? घरातला एखादा पोरगा कपाळाला तेल लागेपर्यंत तिच्याखाली शिरतो का ते बघा. शिरला तर आबांची गाडी राहिली. वर्षात ती एकदाही शेडबाहेर आली नाही, तर पुण्याच्या त्या गृहस्थाला बोलवा. चालत्या गाडीला बंद गाडीहून नेहमीच चांगला भाव येतो, तेव्हा त्या वर्षाचा खर्च अगदीच फुकट जाणार नाही.

आणि विकताना घाई करू नका. दोन-तीन गिऱ्हाइकांना दाखवा. सुटे भाग करून विकणाऱ्याला द्यायची की चालवणाऱ्याला, हे किंमत ऐकण्याआधी ठरवा. एंजिनचा आणि चॅसीचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहा. नमुना २९ आणि ३० वर सह्या करा, बदल आर.टी.ओ.त नोंदला गेल्याची खात्री करून घ्या, नाहीतर उद्या अपघात झाला तर नोटीस तुमच्या दारात. माळ्यावर पडलेली जुनी चाके, आरसे, हँडल, आबांच्या अक्षरातली दुरुस्तीची वही, हे सारे गाडीबरोबर द्या. आणि थंडीच्या सकाळी चोक किती ओढला म्हणजे ती सुरू होते, तेही घेणाऱ्याला एकदा शेजारी बसवून दाखवा.