फोटोला तोंड द्या!

मुक्ताईनगरच्या केळी वेफर्सवाल्याने मोबाइलमधला फोटो आकडी नावासकट साइटवर टाकला, तर गूगलला त्यातून काय कळणार? फाइलला ‘केळी-वेफर्स-मुक्ताईनगर’ असं नाव द्या. त्याहून मोलाचा ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्रासोबत लिहून ठेवायचं त्याचं वर्णन. दृष्टिहीन ग्राहकाच्या फोनमधलं टॉकबॅक किंवा कॉम्प्युटरवरचं एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर तोच वाचून दाखवतात. ‘फोटो’ एवढंच लिहिणं फुकट. ‘काळ्या मिरीचे केळी वेफर्स, पाव किलोचं पारदर्शक पाकीट’ असं लिहा. शोधशब्दांची खिचडी मात्र नको. नुसत्या सजावटीच्या वेलबुट्टीचा ऑल्ट रिकामा ठेवा. खरा घोळ भावफलकाचा: दर चित्रातच रंगवून मोकळे होतात! ते खाली टाइपही करा. मानांकनाचंही तसंच: जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. केळी विकणाऱ्याच्या साइटवर ते नुसत्या शिक्क्याच्या चित्रात असेल, तर ऐकणाऱ्याला कळायचं कसं?