आज्यांनी आज्यांसाठी

हंगामाच्या दिवसांत दौलताबादचा किल्ला उतरून आलेल्या पर्यटकाला पेरू आणि सीताफळांच्या टोपल्या मांडून बसलेल्या वृद्ध स्त्रिया दिसतात. एखादीच्या शेजारी शाळकरी पोर वही उघडून बसलेले असले, तर ते सुटीपुरते आजीकडे आले असावे, असे समजून पर्यटक पुढे निघतो. ते पोर कायमचेच आजीकडे आलेले असू शकते, हे त्याच्या मनात येत नाही. आई-वडील दोघेही गेले, किंवा वडील गेले आणि आईचे दुसरे लग्न झाले, की मुलाचे काय, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. मूल आजीकडे जाते. अपघात, शेतकरी आत्महत्या, एड्स, करोना अशी कारणे वेगवेगळी असतात. मराठवाड्याने ती सगळीच पाहिली आहेत.

आफ्रिकेत हीच गोष्ट एका पिढीवर गुदरली. एड्सने तेथे प्रामुख्याने पंचवीस ते पंचेचाळीस या वयाची, म्हणजे कमावती आणि मुले वाढवणारी माणसे नेली. २००५ च्या सुमारास सहाराच्या दक्षिणेकडील देशांत एड्समुळे आई, वडील किंवा दोघेही गमावलेल्या मुलांची संख्या १ कोटी २० लाखांच्या घरात गेली होती. मधली पिढी नाहीशी झाली आणि घरात उरली म्हातारी व लेकरे. स्वतःची दोन-तीन मुले पुरलेली स्त्री साठीनंतर पुन्हा पाच-सहा नातवंडांची आई झाली. बहुतेक देशांत तिला निवृत्तिवेतन नव्हते. बहुतेक ठिकाणी जमीनही तिच्या नावावर नव्हती. एड्सविरोधी मोहिमांच्या कागदपत्रांत रुग्ण होते, अनाथ बालके होती. आजीचा उल्लेख मात्र क्वचितच असे.

संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांचे आफ्रिकेतील एड्सविषयक विशेष दूत म्हणून कॅनडाचे राजकीय नेते स्टीफन लुईस २००१ ते २००६ या काळात ही गावे फिरत होते. जेथे जावे तेथे आजीच घर चालवताना दिसे. लुईस यांनी २००३ मध्ये टोरांटो येथे स्वतःच्या नावाचे प्रतिष्ठान काढले आणि ७ मार्च २००६ रोजी, महिला दिनाच्या आदल्या दिवशी, त्या प्रतिष्ठानाने कॅनडातील आज्यांना आफ्रिकेतील आज्यांसाठी उभे राहण्याची हाक दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोरांटोत जागतिक एड्स परिषद भरायची होती. तिच्या तोंडावर आफ्रिकेतील शंभर आणि कॅनडातील दोनशे आज्या तेथे एकत्र आल्या. भाषा वेगळ्या, देवधर्म वेगळे, बँक खात्यांची तर तुलनाच नको. तरीही मेलेल्या मुलाविषयी बोलायला फारसे शब्द लागत नाहीत. आपण मुले वाढवतो ती स्मशानासाठी नव्हे, अशा आशयाचे निवेदन काढून हा मेळावा संपला.

त्यानंतर कॅनडाच्या गावोगावी आज्यांचे गट निघाले आणि त्यांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. नातवंडे नसलेल्या स्त्रियांनाही त्यात मज्जाव नव्हता. पैसे उभे करण्याच्या त्यांच्या रीती आपल्याकडच्या महिला मंडळांना अगदी परक्या वाटणार नाहीत. शिवणकामातून उरलेल्या कापडांची विक्री, घरगुती खाद्यपदार्थ, जुनी पुस्तके, प्रायोजक मिळवून केलेल्या पदयात्रा. व्हँकुव्हर बेटावरील आज्यांनी मात्र २००७ पासून निराळाच प्रघात पाडला. पंचावन्न वर्षांपुढील स्त्रिया कॅम्पबेल रिव्हर ते व्हिक्टोरिया हे सुमारे २७५ किलोमीटरचे अंतर तीन दिवसांत सायकलने कापतात आणि त्यासाठी ओळखीच्यांकडून देणग्या घेतात. गुडघ्यांच्या तक्रारींचे वय लक्षात घेता हे थोडे नव्हे! अशा लहान लहान रकमांतून या मोहिमेने आजवर चार कोटी कॅनेडियन डॉलरहून अधिक निधी जमवला.

रकमेपेक्षाही ती खर्च करण्याची पद्धत अधिक पाहण्यासारखी आहे. कॅनडातील आजी आफ्रिकेतील एखादे मूल 'दत्तक' घेत नाही, त्याचा फोटो फ्रीजवर लावत नाही. पैसा तेथील स्थानिक संस्थांकडे जातो आणि कशाची निकड आहे हे त्या संस्था ठरवतात. युगांडाच्या नैऋत्येस न्याका नावाच्या गावी ट्वेसिग्ये जॅक्सन कागुरी यांनी भाऊ आणि बहीण एड्सने गेल्यानंतर २००१ मध्ये अनाथ मुलांसाठी शाळा काढली. मुलांना शिकवायचे तर घरी आजी तगली पाहिजे, हे लवकरच ध्यानात आले. मग आज्यांचे गट बांधले गेले. लहान कर्ज कोणाला द्यायचे, यंदा घर कोणाचे बांधायचे, हे त्या गटातील आज्याच ठरवतात. गळके छप्पर कोणाचे आणि नुसती रड कोणाची, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? आपल्याकडच्या बचत गटातील स्त्रियांना याचे नवल वाटणार नाही. केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीतील आज्यांची संस्थाही २००१ चीच. तेथे आज्या एकत्र बसून हस्तकला करतात, विकतात आणि वयात येणाऱ्या नातवंडांशी एड्सविषयी बोलावे कसे, हे एकमेकींकडून शिकतात. शाळेची फी, गणवेश, बियाणे, पांघरुणे, अंत्यसंस्काराचा खर्च अशा अगदी साध्या गोष्टींवर हा पैसा जातो.

आजीच्या हातात पैसा दिला तर तो मुलापर्यंत पोहोचतो का, अशी शंका कोणी घेईल. दक्षिण आफ्रिकेत नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी कृष्णवर्णीय वृद्धांना पुरेसे निवृत्तिवेतन मिळू लागले. त्याच्या परिणामांचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो यांनी केला आणि तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. निवृत्तिवेतन आजीला मिळत असलेल्या घरांत नातींचे पोषण स्पष्टपणे सुधारलेले आढळले. आजोबांना ते मिळत असलेल्या घरांत तसा परिणाम दिसला नाही. याच डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये मुंबईत जन्मलेल्या अभिजित बॅनर्जी यांच्यासह नोबेल मिळाले.

या कहाणीत मुंबईचा आणखी एक धागा आहे आणि तो अधिक थेट आहे. एड्सवरील तीन औषधांच्या उपचाराचा वार्षिक खर्च तेव्हा माणशी दहा हजार डॉलरहून अधिक होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. पुढे आफ्रिकेत उपचार पसरले ते मुख्यतः अशा भारतीय औषधांच्या बळावर. त्यामुळे अनेक आज्यांच्या उरलेल्या मुली वाचल्या. कॅनडातील आज्यांनीही औषधांच्या प्रश्नात उडी घेतली. स्वस्त औषधांची निर्यात सुलभ करणाऱ्या विधेयकासाठी त्यांनी सह्या गोळा केल्या, खासदारांचे उंबरे झिजवले. मार्च २०११ मध्ये ते विधेयक कनिष्ठ सभागृहात संमत झाले, पण निवडणूक जाहीर होऊन वरिष्ठ सभागृहात विरून गेले. औषधांचा प्रश्न अजूनही मिटलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली, तेव्हा आफ्रिकेतील एड्स उपचार केंद्रांना त्याची झळ तत्काळ बसली.

महाराष्ट्रातही एड्सची लाट मोठी होती. सांगली, सोलापूर, सातारा हे जिल्हे नव्वदच्या दशकात होरपळले. मोफत औषधोपचार सरकारी रुग्णालयांत सुरू झाले ते एप्रिल २००४ पासून. ज्या मुलांना नातलगांनी नाकारले, त्यांना पंढरपूरच्या 'पालवी'त मंगलताई शहा यांनी, लातूर जिल्ह्यात हासेगावच्या 'सेवालया'त रवी बापटले यांनी आसरा दिला. अनाथांसाठी पदर पसरणाऱ्या सिंधुताई सपकाळ तर सर्वांच्या 'माई' होत्या. भाषण केले तरच पोरांना राशन मिळते, असे त्या सभांमधून सांगत आणि खरोखरच त्या भाषणांवर शेकडो मुलांची ताटे भरली. २०२२ च्या जानेवारीत त्या गेल्या. या कामांचे मोल वादातीत आहे. मात्र मराठी दात्याच्या डोळ्यांपुढे अनाथ मूल म्हटले की आश्रमच येतो. वाढदिवसाला तेथे जेवण देता येते, पंगत वाढता येते. आजीच्या दोन खोल्यांत वाढणाऱ्या मुलाकडे देणगीची पावती फाडणारे कोणी नसते, म्हणून ते दात्याच्या नजरेत येत नाही.

अशा मुलांसाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे. मूल संस्थेत न जाता नातलगांच्या घरात वाढावे, हा तिचा हेतू. महिन्याला ४२५ रुपये अशी जवळजवळ थट्टाच वाटावी इतकी रक्कम कित्येक वर्षे होती. ती १,१०० रुपये झाली आणि २०२३ मध्ये २,२५० रुपये. योजनेला आता सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. करोनाकाळात, २०२१ मध्ये, आई-वडील दोघेही गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाख रुपयांची ठेव ठेवण्याचा निर्णय घेतला. हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या करोना एकल महिला पुनर्वसन समितीच्या कार्यकर्त्यांनी तालुक्यातालुक्यांत असे अर्ज भरून घेतले. योजना असणे आणि ती घरात पोहोचणे यांत किती अंतर असते, हे तेव्हा अनेकांना प्रथमच कळले.

दौलताबाद परिसरातील आजीसाठी हे अंतर सुमारे पंधरा किलोमीटरचे आहे. बालकल्याण समिती जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे छत्रपती संभाजीनगरात बसते. मृत्यूचे दाखले, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, आधार, बँक खाते एवढे जमवायचे. मुलाचे आधार वडिलांच्या जुन्या पत्त्यावर असते. मृत्यू दुसऱ्या जिल्ह्यात ऊसतोडीवर झालेला असेल, तर दाखला तिकडून आणावा लागतो. प्रत्येक खेपेला आजीचा दिवस बुडतो. शहरातील महिला मंडळांत निवृत्त शिक्षिका आहेत, बँकेत हयात घालवलेल्या स्त्रिया आहेत. हे कागद त्यांच्या दृष्टीने एका दुपारचे काम. अर्ज मंजूर होईपर्यंतच्या महिन्यांत वह्या आणि तेल-मीठ यांचा खर्च उचलणारा छोटा निधी त्यांनी भिशीच्या धर्तीवर उभा केला, तर त्यासाठी सायकल चालवण्याचीही गरज पडणार नाही.

वृद्ध निराधारांना राज्याकडून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. आजीला तेही मिळत असतील, तर दोन्ही मिळून ३,७५० रुपये होतात आणि एवढ्यात दोन माणसांचे महिने निघतात. मूल अठरा वर्षांचे झाले की बालसंगोपनाचे पैसे थांबतात. त्या वेळी ते बहुधा बारावीत असते आणि आजी सत्तरी ओलांडलेली. शहरातील महाविद्यालयात जायचे ठरले, तर बसभाड्याचे पैसे त्यानंतर टोपलीतूनच निघायचे असतात.