चोवीस तासांत शर्ट? नको रे बाबा!

हाँगकाँगला कुणी निघालं की त्याला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, स्टार फेरीत बस. दुसरा, कपडे शिवून आण. पहिला डोळे मिटून पाळावा. दुसऱ्यासाठी मात्र डोळे चांगले उघडे हवेत!

त्सिम शा त्सुई भागातल्या नॅथन रोडवर ‘सूट, शर्ट, चोवीस तासांत’ म्हणत माणसं अक्षरशः अंगावर येतात. त्यातली बरीच आपल्यासारखीच, हिंदीत बोलणारी. या घाईला इतिहास आहे. १९४९ नंतर शांघायचे नामांकित शिंपी इथे आले, सिंधी व्यापाऱ्यांनीही दुकानं थाटली. गिऱ्हाईक कोण, तर ब्रिटिश सैनिक आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळात सुट्टीवर आलेले अमेरिकन. रजा संपायच्या आत सूट हवा! हरिलेला या सिंधी घराण्याचं नाव झालं ते सैनिकांचे कपडे शिवूनच. हॉटेलं नंतर आली.

आम्हाला शर्ट हवे होते ते हौसेसाठी नव्हे. ह्यांचा उजवा खांदा जुन्या अपघातात उतरलेला. तयार शर्ट घातला की कॉलर एका बाजूला ओढली जाते, पाठीवर तिरपी चुणी पडते. लग्नकार्यात फोटोची वेळ आली की हे मागच्या रांगेत. आमचे नेहमीचे मास्तर होते तोवर निभावलं. ते थकले, दुकान बंद झालं. भाचा हाँगकाँगला नोकरीला आहे, त्याच्याकडे आठवडाभर राहायचं होतं, म्हटलं बघू या.

वस्तीतल्या शिवणवर्गात मी बायकांना पहिला धडा देते तो कपडा उलटा करण्याचा. तिथेही तेच केलं. कापडं बघण्याआधी शिवलेला शर्ट मागायचा आणि आतून बघायचा. चांगल्या शर्टाला इंचाला अठरा-वीस टाके असतात. चौकटीच्या कापडात खिशावर रेघेला रेघ जुळलेली हवी. शिलाईत थोडी माया सोडलेली हवी. कॉलरमधलं अस्तर इस्त्रीने चिकटवलेलं आहे की शिवलेलं, तेही विचारावं. हलकं चिकटवलेलं असेल तर धुण्यात फुगे येतात.

पहिल्या दुकानात अंगातल्या शर्टावरूनच टेप फिरवली आणि चार शर्टांवर टाय फुकट म्हणाले. आम्ही बाहेर! दुसरीकडे ट्रायलचं नाव काढताच चेहरे पडले. तिसरं दुकान एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर. मालक सिंधी, मापं घेणारे चिनी आजोबा. त्यांनी आधी टेप घेतलीच नाही. मागे उभं राहून ह्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, मग दोन पावलं मागे सरून बघत राहिले. हे उगाच ताठ झाले, तर मालकांकरवी सांगितलं, ‘रोज उभे राहता तसे उभे राहा.’ खांदे, मुंढे, बाह्या, दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी घेतली. चोवीस तास? मालक हसले. पाच दिवस, मध्ये एक ट्रायल, आणि आधी एकच शर्ट. तो धुवा, वापरा, मग पुढचे सांगा. गिऱ्हाइकाला असं सांगणारा दुकानदार मला तरी विरळाच भेटलाय.

पाठीवर खांद्यालगत जी पट्टी असते, योक म्हणतात ती, आजोबांनी मधोमध जोड देऊन दोन तुकड्यांत बेतली. एरवी ही मिरवायची फॅशन वाटते. पण त्यामुळे प्रत्येक खांद्याचा उतार वेगळा कापता येतो. ट्रायलला उजवीकडे खडूची एक रेघ मारली, दोन टाचण्या लावल्या, बस. कॉलर सरळ बसली. हे आरशासमोरून हलेनात!

परत आल्यावर शर्ट तीनदा धुतला, मग फोनवर आणखी तीन सांगितले. ते पार्सलने आले. डाव्या मनगटाचा कफ घड्याळासाठी जरा सैल ठेवलाय, हे आमच्यापैकी कुणीच सांगितलं नव्हतं. कागदी कटिंग मागून पाहिलं होतं, ते मात्र मालकांनी दिलं नाही. दोन तुकड्यांचा योक मी शर्टावरूनच उतरवून घेतलाय. वर्गातल्या दोघींना आता तो जमायला लागलाय.