मोटारीचे ब्रेक व त्यांस लागणारीं हत्यारें

मोटार धांवते कशी, हें पुष्कळांस सांगतां येतें. ती थांबते कशी, याचा विचार क्वचितच कोणी करतो. चालक पायानें पट्टी दाबतो, तो जोर ब्रेकच्या द्रवावर पडतो. बंद भांड्यांतील द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंस सारखाच पसरतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेंत शिकलोंच आहों. तो दाब बारीक नळ्यांतून चाकाशीं पोहोंचला, कीं तेथील दट्ट्या पुढें सरकतो व ब्रेकचे पॅड फिरत्या तबकडीस घट्ट धरतात. वाटेंत कोठें द्रव गळला किंवा हवा शिरली, तर पाय खालीं टेकतो आणि गाडी मात्र पुढेंच जाते.

सबब हें काम घरीं करणाऱ्याजवळ योग्य हत्यार असणें ही हौस नव्हे. गेल्या सुट्टींत मामांबरोबर त्यांच्या जुन्या गाडीची एक नळी सोडवीत असतां मला याचा प्रत्यय आला. नळीच्या टोकाचा नट लहान आणि गंजलेला होता. नेहमींचा उघड्या तोंडाचा पाना त्याच्या समोरासमोरच्या दोनच बाजू धरतो. आम्हीं तोच लावला व जोर केला. नट सुटला नाहीं. त्याचे कोपरे झिजून तो गोल मात्र झाला. मग पक्कड लावली, तेव्हां नळीच पिळवटली! एका पान्याचे पैसे वांचविण्याच्या नादांत सबंध नळी बदलावी लागली. या नटासाठीं फ्लेअर-नट पाना म्हणून निराळा पाना मिळतो. तो रिंग पान्यासारखाच, परंतु नळी आंत जावी म्हणून एके ठिकाणीं कापलेला असतो. तो सहांपैकीं पांच बाजू धरतो, त्यामुळें कोपरे शाबूत राहतात.

जॅक हें गाडी उचलण्याचें साधन आहे, तोलून धरण्याचें नव्हे. उचललेल्या गाडीचा भार लोखंडी स्टँडवर द्यावा व जमिनीवरील चाकांना दगड लावावे. विटांची चळत रचणारे लोक मीं पाहिले आहेत. वीट एकाएकीं फुटते.

पॅड बदलतांना दट्ट्या मागें सारावयाचा असतो. तो पेचकसानें ढोसल्यास त्यावरील रबर फाटतें. इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचा शिकंजा येथें उत्तम. मागील चाकांचे कांहीं दट्टे मात्र फिरवीत आंत न्यावे लागतात, त्यांचें हत्यार वेगळें. ब्रेकची धूळ फुंकरीनें कधींहि उडवूं नये; जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतो.

त्या द्रवास लोक ब्रेक ऑइल म्हणतात, पण बहुधा तें तेल नसतें. तो हवेंतील ओल शोषून घेतो. डॉट ४ जातीचा ताजा द्रव निदान २३०° सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं. ओल शिरल्यावर ही मर्यादा १५५° पर्यंत उतरूं शकते. घाटांत ब्रेक तापून त्याची वाफ झाली, कीं पायाचा जोर ती वाफ दाबण्यांतच खर्च होतो. यासाठीं बरेच दिवस उघडा राहिलेला डबा वापरूं नये. इंजिनाचें तेल तर चुकूनहि घालूं नये. त्यानें आंतील रबर फुगतें.

नळी सोडल्यावर आंत शिरलेली हवा काढण्यास दोन माणसें, एक पारदर्शक नळी व बाटली पुरे. एकानें पट्टी दाबून धरावी, दुसऱ्यानें चाकाजवळील स्क्रू सैल करून बुडबुडे जाऊं द्यावे, आणि पाय उचलण्यापूर्वीं स्क्रू आवळावा. सर्व जोडल्यावर गाडी जागची हलविण्याआधीं पट्टी वारंवार दाबावी. ती पायाला कठीण लागली, तरच मोकळ्या जागेंत सावकाश चालवून पाहावें.