पन्हळ कोणती लावाल? (घर विकायचं असेल तर!)

इंग्रजीत ज्याला गटर म्हणतात ते आपलं रस्त्याकडेचं गटार नव्हे! छपराच्या कडेला बसवलेली, पावसाचं पाणी झेलून पाइपात सोडणारी जी असते ती पन्हळ. फ्लॅटमध्ये वाढलेल्या पब्लिकने हा शब्द कदाचित ऐकलाही नसेल. पण कोकणात जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे हा विषय चेष्टेचा नाही.

आमचं रत्नागिरीजवळचं कौलारू घर चार-पाच वर्षांत विकायचं असं बाबा आणि काकांनी ठरवलंय. आजी आता पुण्यात आमच्याकडेच असते, घर बंद. जुनी पत्र्याची पन्हळ गंजून चाळण झालीय. बाबा म्हणाले, "विकायचंच आहे ना, मग स्वस्तातली लावू." काका म्हणाले, "उलट भारीतली लावू, गिऱ्हाईक खूश होईल." आणि मग दोघेही माझ्याकडे बघायला लागले, कारण घरात इंजिनिअरिंगला मी एकटीच!

ॲक्च्युअली दोघांचाही प्रश्न थोडा चुकतोय. घर बघायला येणारा माणूस पन्हळीचे वेगळे पैसे कधीच देत नाही. तो भिंत बघतो. जोत्यापाशी हिरवट पट्टा, आत पोपडे आलेला रंग, वाशांच्या टोकांना काळपटपणा... हे दिसलं की तो पैसे कापतो, आणि पन्हळीच्या किमतीच्या कितीतरी पट कापतो. पूर्वीच्या घरांना पाखं लांब पुढे आलेली असायची, म्हणून पन्हळीशिवायही भागत असे. आता पाणी भिंतीजवळच पडतं आणि जांभा ते खालून मस्त शोषून घेतो.

किती पाणी? समजा छपराच्या एका उताराचं आडवं क्षेत्रफळ ६० चौरस मीटर आहे आणि तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने सर आली. म्हणजे तासाला ६००० लिटर, मिनिटाला १०० लिटर! दर मिनिटाला पाच-सहा बादल्या एका कडेवरून. कोकणात अशी सर काही नवलाची नाही.

आता मटेरियल. पहिला उमेदवार जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा. इथे मला सगळ्यात जास्त इंटरेस्टिंग वाटलेली गोष्ट म्हणजे पत्र्यावर छापलेला तो जीएसएमचा आकडा, ज्याकडे कोणी बघतच नाही. १२० जीएसएम म्हणजे दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त, एका बाजूला ६०. जस्ताची घनता ७.१४ धरून भागाकार केला की थराची जाडी येते फक्त ८ मायक्रॉनच्या आसपास. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत जस्त साधारण वर्षाला २ ते ४ मायक्रॉन झिजतं, अगदी किनाऱ्यावर त्याहून जास्त. करा हिशोब! दोन-चार वर्षांत मुलामा खलास, म्हणजे बरोब्बर गिऱ्हाईक यायच्या वेळेला तांबूस ओघळ भिंतीवर तयार. २७५ जीएसएमचा पत्रा घेतला तर थर १९ मायक्रॉनच्या पुढे जातो, तो परवडला. पण दुकानात मागून घ्यावा लागतो. कलर कोटेड पत्रा याहून बरा, फक्त जिथे कापला तिथली उघडी कड गंजायला सुरुवात करते.

पीव्हीसी गंजत नाही, हलकी असते, गावातला प्लंबरही बसवू शकतो. मग प्रॉब्लेम काय? ऊन. उन्हाने ती कालांतराने ठिसूळ होते आणि रंग उडतो. शिवाय ती तापली की लांब होते, स्टीलच्या पाचपट तरी. तीन मीटरचा तुकडा ३० अंशांच्या फरकाला पाच-सहा मिलिमीटर वाढतो. जॉइंटमध्ये तेवढी जागा सोडली नाही की पन्हळ वाकते किंवा जॉइंट उघडतो. आणि दोन फुटांवर क्लॅम्प हवाच, नाहीतर मध्ये पोट सुटतं (हॉस्टेलच्या खाटेसारखं).

काकांचं "भारीतलं" म्हणजे तांबं. दिसायला एकदम राजेशाही, टिकतं पिढ्यानपिढ्या. पण बंद घरावर तांबं लावणं म्हणजे भंगारवाल्याला आमंत्रण! वर तांब्यावरून आलेलं पाणी खाली जीआयवर पडलं तर जस्त भराभर खातं. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा तो चॅप्टर आपण व्हायवापुरता पाठ करतो, तो इथे छपरावर चालू असतो. चार-पाच वर्षांसाठी तांबं लावून पैसे वसूल होतील असं मला तरी वाटत नाही.

राहिलं ॲल्युमिनियम. हलकं, स्वतःच्याच ऑक्साइडच्या थराने सुरक्षित, रंगीत घेतलं तर समुद्राजवळही छान टिकतं. महाग आहे, आणि पोचे पटकन येतात. एक नारळ पडला की संपलं! शिडी टेकवतानाही जपावं लागतं. स्क्रू मात्र स्टेनलेसचे घ्या, तांब्या-पितळेचे नकोत.

आमच्या घराच्या मागच्या बाजूला माड आहेत, म्हणून तिकडे पीव्हीसी, तुटली तर तेवढा तुकडा बदलायचा. पुढच्या दर्शनी बाजूला रंगीत ॲल्युमिनियम. वर्षभरात विकायचं असतं तर मी सगळीकडेच पीव्हीसी सांगितली असती.

काँक्रीटची पन्हळ मी यादीत धरलीच नाही. नव्या बंगल्यांना ती स्लॅबबरोबरच ओततात, पण तिला तडा गेला की पाणी आतल्या आत मुरतं आणि कळतं ते छताला डाग पडल्यावर.

मटेरियल कोणतंही असो, ढाळ चुकला की सगळं फुकट. १० मीटरला ५ सेंटिमीटर उतार पुरतो, आणि लांबी जास्त असेल तर मध्यभाग उंच ठेवून दोन्ही टोकांना पाइप द्यावा, पाणी निम्मं निम्मं होतं. बसवणारा माणूस शिडीवरून उतरायच्या आत एक बादली पाणी ओतून बघा. कुठे थांबतंय ते लगेच दिसतं, आणि तो क्लॅम्प तेव्हाच फुकटात वर-खाली करून मिळतो.