वरूडची संत्री आणि गुगलचा शोध

दिवाळीच्या सुमारास अंबिया बहराची संत्री उतरू लागली, की वरूड-मोर्शीकडच्या बागायतदारांचे संदेश मोबाइलवर येऊ लागतात. फोटो, भाव आणि खाली संकेतस्थळाची लिंक. तोच संदेश अमरावतीच्या गटात, अकोल्याच्या गटात, पुण्यातल्या वऱ्हाडी मंडळींच्या गटातही, दिवसातून तीन-तीनदा. चौथ्या दिवशी कुणीतरी त्या गृहस्थाला गटाबाहेर काढतं. "शंभर ग्रुपात टाकलं न भाऊ, तरी गुगलवर आपलं नावच दिसत नाई!" लहान व्यावसायिकांची संकेतस्थळं तयार करणं हा माझा व्यवसाय असल्याने ही तक्रार दर हंगामात कानावर येते.

ती समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८च्या सुमारास मांडलेली कल्पना अगदी गावकीतली आहे. एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेली लिंक म्हणजे शिफारस. आणि शिफारस करणाऱ्याचा मान जितका मोठा, तितकं तिचं वजन जास्त. मग खोट्या शिफारशींचा बाजार सुरू झाला. त्यावर उपाय म्हणून जानेवारी २००५मध्ये 'नोफॉलो' ही खूण आली: ही लिंक शिफारस समजू नका, असं यंत्राला सांगणारी. समाजमाध्यमांवर टाकलेल्या बहुतेक लिंकांना अशीच खूण असते. २०१९पासून गुगल ती हुकूम न मानता सूचना मानतं, एवढाच फरक. एप्रिल २०१२च्या 'पेंग्विन' बदलानंतर तर विकत घेतलेल्या लिंकांवर वर चढलेली संकेतस्थळं खाली आली.

व्हॉट्सॲपचं प्रकरण आणखी सोपं आहे. तिथले गट बंद असतात, गुगलचं यंत्र आत शिरतच नाही. म्हणजे शंभर गटांतल्या शंभर लिंका त्याच्या लेखी शून्य. शिवाय २०१८पासून भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येतो, तेव्हा ही मेहनतही फुकटची.

मग पोस्ट टाकूच नये का? टाकावी, पण तिच्याकडून वेगळं काम करून घ्यावं. माझ्या मते पोस्टचा सर्वांत मोठा उपयोग ऐकण्याचा आहे. संत्र्याच्या फोटोखाली लोक काय विचारतात ते पाहा: अंबिया की मृग? किलोत किती बसतात? मेणाचा थर दिलाय का? मुंबईला पोहोचेपर्यंत टिकतील? हेच प्रश्न लोक गुगललाही विचारतात. त्यांची सविस्तर उत्तरं आपल्या संकेतस्थळावर, त्याच शब्दांत लिहून ठेवली, तर शोधणाऱ्याला ते पान सापडण्याची शक्यता वाढते. मग पुढच्या वेळी कुणी विचारलं, की उत्तरासोबत त्या एकाच पानाची लिंक द्यावी. विचारल्यावर दिलेली लिंक कुणाला खुपत नाही.

शब्दांचा घोळ मात्र आपल्याकडे मोठा आहे. महाराष्ट्रात संत्र्याचं सर्वाधिक क्षेत्र अमरावती जिल्ह्यात, पण भौगोलिक मानांकन आणि लौकिक 'नागपूर संत्रा' या नावाला. मुंबईचा गिऱ्हाईक 'वरूडची संत्री' असं शोधत नाही. ते नावच त्याला ठाऊक नसतं. कुणी 'संत्रं' लिहितो, कुणी 'संत्री', हिंदी भाषक 'संतरा'. 'वऱ्हाड' हा शब्द तर अनेक जण 'वर्हाड' असा टंकतात, आणि यंत्राच्या दृष्टीने ती वेगळी अक्षरं. अकोल्याच्या डाळ मिलवाल्यांची आणखी एक अडचण: 'अकोला' आणि अहिल्यानगर जिल्ह्यातलं 'अकोले' यांची रोमन लिपीतली नावं एका अक्षराने वेगळी. म्हणून पानावर जिल्हा आणि तालुका स्पष्ट असावा, आणि प्रचलित रूपं वाक्यांत सहज यावीत. पानाच्या तळाशी पन्नास शब्दांची रास घालणं हाही कचराच.

जुलै २०२५पासून इन्स्टाग्रामवरच्या व्यावसायिक खात्यांचे सार्वजनिक फोटो गुगलच्या शोधात येऊ शकतात. त्यामुळे फोटोखाली नुसते हात जोडलेले आणि फुलांचे इमोजी टाकण्यापेक्षा बाग कुठली, बहर कुठला, तोड कधीची, एवढं लिहिलं तरी पुष्कळ.

खरी शिफारस अजूनही माणसांकडूनच येते. कोळशी किंवा डिंक्या कसा आटोक्यात आणला, याची छायाचित्रांसह नोंद ठेवणाऱ्या बागायतदाराच्या पानाचा दाखला एखादा शेतीविषयक लेखक आपणहून देतो. त्या एका लिंकला वजन असतं. मोर्शीकडच्या एका तरुणाला मी यंदा एवढंच सांगितलंय: आठवड्याला एक पोस्ट, ज्या गटात शेतीच्या गप्पा चालतात तिथेच, आणि भाव शेवटच्या ओळीत. मृगाची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतील. त्यांचं पान त्याने आत्ताच लिहायला घेतलंय.